जे दरात नाही, तेही लिहा

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्र नसलेले तालुके. उल्हास, पेज आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतली भातखाचरे, एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला बोरघाट. मुंबईची लोकल कर्जतहून पुढे खोपोलीपर्यंत जाते आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून घाटाला लागतो. या दोन वाटांनी गेल्या काही दशकांत इथे बांधकाम आले. शनिवार-रविवारसाठी शेतघर बांधणारा मुंबईचा मालक, जुने कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर घालणारे गावातले कुटुंब, घरकुलाचा हप्ता जमा झाला की जोते बांधायला घेणारा लाभार्थी, रस्त्याकडेला गाळे काढणारा दुकानदार, शेड आणि कंपाउंड उभारणारा कारखानदार: यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाचे काम कोणा ना कोणा स्थानिक कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनपासून सुरू होते. पुष्कळदा ते एका पानाचे असते, काही वेळा व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींचे. फुटाचा दर, एकूण रक्कम, ‘मटेरियलसकट’ हा शब्द आणि खाली सही. एवढ्या भांडवलावर दहा-वीस लाखांचा व्यवहार उभा राहतो. ही पुस्तिका त्या एका पानाविषयी आहे.

मालक आणि कॉन्ट्रॅक्टर यांचा वाद लिहिलेल्या दरावरून क्वचित होतो. दर दोघांनी वाचलेला असतो, त्यावर घासाघीस झालेली असते. वाद होतो तो त्या दरात काय काय आले यावरून, म्हणजे कोटेशनमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही अशा गोष्टींवरून. मालकाच्या मनात राहायला जाता येईल असे पुरे घर असते. कॉन्ट्रॅक्टरच्या मनात तो नेहमी जेवढे करून देतो तेवढे काम असते. दोघेही प्रामाणिक असू शकतात. कागद गप्प राहिला की मोकळी जागा प्रत्येक जण आपापल्या समजुतीने भरतो, आणि दोन समजुतींमधला फरक शेवटच्या बिलाच्या वेळी रुपयांत बाहेर येतो. म्हणून दरात काय आहे हे सांगून कोटेशनचे काम संपत नाही. दरात काय नाही, आणि जे आज कोणालाच माहीत नाही त्याचा खर्च पुढे कोण सोसणार, हे ज्यात लिहिलेले असते ते कोटेशन वाद टाळते. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याचा विस्तार आहे.

सुरुवात चौरस फुटापासूनच करू, कारण सगळ्यांत ओळखीचा आणि सगळ्यांत संदिग्ध शब्द तोच आहे. बाहेरून ३४ फूट बाय २६ फूट मापाचे घर घ्या. क्षेत्रफळ झाले ८८४ चौरस फूट. इथल्या पावसात भिंती भिजू नयेत म्हणून स्लॅब चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढला, तर स्लॅबचे माप होते ३८ बाय ३०, म्हणजे ११४० चौरस फूट. फरक २५६ चौरस फुटांचा. केवळ हिशेबापुरता दर फुटाला २,००० रुपये धरला तरी हा फरक पाच लाख बारा हजार रुपयांचा होतो. ‘दर २,००० रुपये फूट’ एवढेच कागदावर असेल तर गुणाकार कोणत्या आकड्याने करायचा, हे त्यातून कळत नाही. मालक खोल्या आतून मोजून कार्पेट धरू लागला तर रक्कम आणखी खाली जाते. शिवाय जिना, ओटा, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, स्लॅबवर घालायची पत्र्याची शेड यांचे काय? ही कामे काही कॉन्ट्रॅक्टर फुटाच्या दरातच धरतात, काही प्रत्येकाचे वेगळे बिल लावतात. दोन्ही पद्धतींत गैर काही नाही. गैर आहे ती गोष्ट एवढीच की कोणती पद्धत धरली हे मालकाला काम संपताना कळावे. ‘मोजमाप स्लॅबच्या बाहेरच्या कडेने, जिना व ओटा दरात समाविष्ट, टाकी, सेप्टिक टँक व पत्र्याची शेड दरात नाही’ ही दीड ओळ लिहायला पाच मिनिटे लागत नाहीत.

मोजमापाचा घोळ क्षेत्रफळापाशी थांबत नाही. प्लास्टर ब्रासवर मोजतात आणि ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, हे इथल्या बिगाऱ्यालाही ठाऊक असते. रेती-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा, हेही सगळे जाणतात. पण वीस फूट लांब, दहा फूट उंच भिंतीत तीन बाय सातचा दरवाजा असेल तर दोन्ही बाजूंचे प्लास्टर किती धरायचे? कॉन्ट्रॅक्टर दरवाजासकट ४०० चौरस फूट धरतो. मालक दरवाजाचे २१ चौरस फूट दोन्ही बाजूंनी कापतो आणि ३५८ वर येतो. भारतीय मानक आयएस १२०० चा प्लास्टरविषयीचा भाग वेगळेच सांगतो: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही, अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूची करायची, त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची करून कडा वेगळ्या मोजायच्या. आपला दरवाजा सुमारे दोन चौरस मीटरचा, म्हणून एकच बाजू वजा होते आणि उत्तर येते ३७९. एका भिंतीची तीन मापे झाली. मानकातला नियम मला न्याय्य वाटतो, कारण दरवाजाच्या कडा घासून सरळ काढण्यात गवंड्याचा वेळ जातो आणि एका बाजूची न केलेली वजावट तो वेळ भरून देते. पण दोघांनी मिळून दुसरा नियम ठरवला तरी हरकत नाही. नियम काम सुरू होण्यापूर्वी ठरला पाहिजे आणि लिहिला गेला पाहिजे. ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ एवढे तीन-चार शब्द शेवटच्या बिलावरची दोन दिवसांची हुज्जत वाचवू शकतात.

आता जमिनीखाली जाऊ, कारण या दोन तालुक्यांत सगळ्यांत महागडे मौन तिथे असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी खाली काळा पाषाण आहे. तो कुठे दोन फुटांवर लागतो, कुठे दहा फुटांवर, आणि एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळ्या खोलीवर लागू शकतो. बारा कॉलमचे घर असेल आणि प्रत्येक खड्डा पाच फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल धरला, तर खोदाई १५०० घनफूट, म्हणजे पंधरा ब्रास होते. कोटेशनमध्ये ‘फूटिंगची खोदाई व भराई’ अशी एक ओळ आणि पुढे एकरकमी आकडा असतो. जेसीबी येतो, तीन फुटांवर दात घासू लागतात, ब्रेकर मागवावा लागतो. मालक म्हणतो, खोदाई दरात आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, आहे, पण मातीची. दोघांचे म्हणणे त्या एका ओळीत बसते, हाच त्या ओळीचा दोष आहे. तीच ओळ अशी लिहिता येते: ‘पाच फूट खोलीपर्यंत माती व मुरमातील खोदाई दरात समाविष्ट. काळा पाषाण लागल्यास काम थांबवून मालकाला त्याच दिवशी कळवले जाईल. ब्रेकरचे भाडे तासावर, दर अमुक रुपये, तासांची नोंद रोज दोघांच्या सहीने.’ खडक किती लागेल हे ही ओळ सांगत नाही, सांगूही शकत नाही. अनिश्चिततेचा खर्च कोणी सोसायचा, तो कसा मोजायचा आणि कोणाच्या सहीने, हे मात्र ती आधीच ठरवून टाकते. खड्ड्यापाशी उभे राहून भांडायला मग काही उरत नाही.

ठेक्याच्या कामात काय न लिहिल्याने काय होते, याचा धडा या भूमीला फार जुना आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने बोरघाटाच्या चढणीचा ठेका १८५५ मध्ये विल्यम फॅव्हिएल या इंग्रज ठेकेदाराला दिला. कर्जतजवळच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतचा हा मार्ग, त्यात २५ बोगदे आणि आठ मोठे पूल. मूळ ठेका लेखी होता, पण ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सगळ्यांत खाली मजूर, अशा उतरंडीत खालच्या पायऱ्यांवर मजुरीचा बोल तोंडीच राहिला. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या आणि कमी दिलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढच्याच वर्षी सरकारने रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजूर-मालक तंट्यांचा झटपट निवाडा व्हावा म्हणून १८६० चा नववा कायदा केला. घाटाचे काम नंतर सॉलोमन ट्रेडवेलकडे गेले. तो इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका आपल्याकडे ठेवला, दोन अभियंत्यांकरवी काम चालवले आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. या इतिहासातून मी दोन निष्कर्ष काढतो. जिथे मोबदला तोंडी राहिला तिथे दंगल झाली, कारण कोणाला किती देणे आहे हे दाखवायला मजुराच्या हाती काही नव्हते. आणि जिथे काम आणि मोबदला कागदावर होता तिथे ठेकेदार गेल्यावरही काम पुरे झाले. आजच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरने हा दुसरा निष्कर्ष विशेष मनावर घ्यावा. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात असेल आणि उद्या तो आजारी पडला किंवा दगावला, तर त्याच्या घरच्यांना केलेल्या कामाचे पैसे कोणत्या आधारावर मागता येतील?

बोरघाटाचाच आणखी एक धडा दर्जाविषयीचा आहे. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, आणि त्यानंतर त्या रेल्वेच्या दगडी कामांची कसून तपासणी झाली. दगडी भिंतीचा दर्शनी चिरा दिसतो, आतली भरणी दिसत नाही. आजच्या घरात ती न दिसणारी जागा काँक्रीटच्या आत आहे. ‘चांगल्या प्रतीचे मटेरियल’ हे शब्द तिथे निरुपयोगी ठरतात, कारण चांगले म्हणजे काय यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. त्याऐवजी काँक्रीट एम-२०, गज एफई ५००, सिमेंट पीपीसी किंवा ओपीसी, विटा लाल की फ्लाय-अ‍ॅशच्या की सिपोरेक्सचे ब्लॉक, रेती नदीची की क्रश सँड, असे लिहिले की वाद मताचा राहत नाही, तपासणीचा होतो. १२ मिलिमीटरचा गज मीटरला ८८८ ग्रॅम भरला पाहिजे; ट्रकमधून उतरलेल्या गजाचा एक मीटरचा तुकडा वजनकाट्यावर टाकून कोणीही ते पाहू शकतो. टाइल, नळ, दरवाजे, रंग यांबाबत तर आणखी सोपे आहे: खरेदीचा कमाल दर लिहावा, वरचा फरक मालकाने द्यावा, खाली उरला तर मालकाला परत मिळावा.

हे सगळे सार्वजनिक कामांत आधीपासून चालत आले आहे, आणि इथले पुष्कळ कॉन्ट्रॅक्टर ते जाणतात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कामात प्रत्येक बाबीचे वर्णन, एकक, परिमाण आणि दर वेगळा असतो. राज्याची दरसूची असते. बी-१ निविदेत अंदाजपत्रकावर टक्केवारी मागतात, बी-२ मध्ये बाबवार दर. झालेले काम मोजमाप पुस्तकात चढते आणि त्यावरच बिल निघते. गावच्या शाळेची भिंत या पद्धतीने बांधणारा माणूस शेजारच्या घराचे कोटेशन वहीच्या पानावर चार ओळींत देतो. सरकारी निविदेचा सगळा अवजडपणा घरबांधणीत आणा, असे या पुस्तिकेचे म्हणणे नाही. पण वर्णन, एकक, परिमाण, दर हे चार रकाने आणि झालेल्या कामाची दोघांच्या सहीची नोंद, एवढे तिथून उचलायला काहीच हरकत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण ‘कोटेशन म्हणजे काही करार नव्हे’ हा समज फार रूढ आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या दृष्टीने कोटेशन हा प्रस्ताव आहे आणि मालकाने होकार दिला की त्याचे वचन होते. प्रस्तावाला मुदत घातलेली नसेल तर तो वाजवी काळाने आपोआप संपतो, असे कलम ६ सांगते. पण वाजवी काळ किती, हाच पुन्हा वादाचा प्रश्न. एप्रिलमध्ये दिलेला दर पावसाळा उलटून ऑक्टोबरमध्ये मालकाने मान्य केला, तर तो बांधील आहे का? ‘हा दर ३० दिवस लागू’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. कलम २९ म्हणते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो निरर्थक आहे. कायद्याने उदाहरणच दिले आहे ते शंभर टन तेलाचे, ज्यात तेल कोणते हे सांगितलेले नाही. कलम ७० मात्र कॉन्ट्रॅक्टरच्या उपयोगाचे आहे: फुकट करण्याच्या हेतूने न केलेले काम दुसऱ्याने उपभोगले तर त्याला त्याची भरपाई द्यावी लागते. म्हणजे तोंडी सांगून करून घेतलेल्या एक्स्ट्रा कामाचे पैसे अगदीच बुडत नाहीत. पण ते काम मागणीवरून केले, फुकट केले नाही आणि त्याची किंमत इतकी, हे सगळे सिद्ध करायचे ओझे कॉन्ट्रॅक्टरवर पडते. मालकाच्या बाजूने पाहिले तर घराचे बांधकाम ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवा आहे आणि तक्रार दोन वर्षांच्या आत अलिबागच्या जिल्हा आयोगात करता येते. महारेराचा रस्ता मात्र स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधून घेणाऱ्याला उघडा नाही, कारण रेरा कायदा घरे बांधून विकणाऱ्यांसाठी आहे. कोणत्याही दारात गेले तरी पहिला प्रश्न एकच येतो: कागदावर काय आहे?

कागदावर या भूभागाचे हवामानही आले पाहिजे. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. लावणीच्या दिवसांत स्थानिक बिगारी शेतावर जातो, कच्च्या वाटेवर खडीचा डंपर रुततो. ‘काम आठ महिन्यांत पूर्ण’ असे लिहिताना जून ते सप्टेंबर त्यात धरले की वगळले, हे सांगितलेच पाहिजे. उन्हाळ्यात अडचण उलटी होते. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारत राहावे लागते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर मे महिन्यात विहीर आटलेली असेल तर टँकर कोण आणणार आणि कोणाच्या पैशाने? ही ओळ गाळली तर दोघेही एकमेकांची वाट पाहतात आणि कोरड्या पडलेल्या स्लॅबला पुढे तडे जातात. विजेचे तात्पुरते मीटर, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा परवाना, मजुरांना राहायची जागा, उरलेला राडारोडा उचलणे, ही सगळी त्याच यादीतली कामे. करही त्याच यादीत येतो. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा काम चालू असलेल्या घरांत ही बचत कोणाची, याचे उत्तर फक्त त्या कोटेशनपाशी होते ज्यात ‘दर करासह’ किंवा ‘कर लागू होईल तसा वेगळा’ असे लिहिलेले होते.

पैसे देण्याचे टप्पेही तितक्याच नेमकेपणाने लिहावेत. मालक उचल देऊन अडकतो, किंवा कॉन्ट्रॅक्टर हार्डवेअरच्या दुकानातून उधारीवर माल आणून अडकतो. दोन्हीचे मूळ एकच, पैसा आणि काम यांची गाठ नीट मारलेली नसते. ग्रामीण घरकुल योजनेत मदतीचा हप्ता घर कुठवर आले आहे हे पाहून सुटतो आणि त्या टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह चढवावा लागतो. खासगी कामातही जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर आणि हस्तांतर असे डोळ्यांना दिसणारे टप्पे धरावेत. तारखा धरू नयेत, कारण तारीख उलटते आणि काम तिथेच असते. शेवटची थोडी रक्कम, समजा पाच टक्के, मालकाने राखून ठेवायची असेल तर ती ‘घर नीट वाटेपर्यंत’ असू नये. इथे घराची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. म्हणून ‘स्लॅबवर ४८ तास पाणी साठवून दोघांनी पाहणी केली जाईल, राखीव रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर ३० सप्टेंबरला दिली जाईल, तोवर निघालेली गळती कॉन्ट्रॅक्टर विनामूल्य दुरुस्त करील, मालकाने नंतर फोडतोड केलेल्या जागेची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरवर राहणार नाही’ अशी अट दोघांनाही सुरक्षित ठेवते. मालकाला दुरुस्तीची हमी मिळते, आणि कॉन्ट्रॅक्टरला आपले पैसे कोणत्या दिवशी मागायचे हे कळते.

या म्हणण्यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की गावात धंदा विश्वासावर चालतो. इतके बारीक लिहून मागणे किंवा देणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे. मला हा आक्षेप मनापासून समजतो, कारण विश्वास नसेल तर कोणताही कागद घर बांधून देत नाही. पण घराचे काम वर्षभर चालते. जोत्याच्या वेळी काय बोलणे झाले हे रंगाच्या वेळी दोघांनाही वेगवेगळे आठवते, आणि त्यात खोटे कोणीच बोलत नसते. वडिलांनी ठरवलेले असते, पैसे मुलगा देतो. नवऱ्याने सांगितलेले असते, साइटवर बायको येते. ज्यांच्यात बोलणे झालेच नाही अशांनाही त्या बोलण्याचा भार उचलावा लागतो. लिहिलेला कागद विश्वासाची जागा घेत नाही. विसराळूपणामुळे आणि माणसे बदलल्यामुळे तो विश्वास मोडू नये, याची सोय करतो. ज्या मालकाशी चांगले संबंध आहेत त्याच्यासाठीच म्हणून कोटेशन अधिक काळजीने लिहावे, असे मी म्हणेन, कारण तिथे पैशांबरोबर नातेही पणाला लागलेले असते.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो कॉन्ट्रॅक्टर अगदी अनुभवाने मांडतात: मी सगळे लिहितो म्हणून माझी रक्कम मोठी दिसते, दुसरा अर्धे लिहून स्वस्त दिसतो आणि काम घेऊन जातो; किंवा माझेच बाबवार कोटेशन मालक दुसऱ्याला दाखवून दहा टक्के कमी करून घेतो. हे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे उत्तर कमी लिहिण्यात नाही. दोन कोटेशनांची तुलना तेव्हाच होऊ शकते जेव्हा दोन्हींत तेच काम असते. म्हणून दरात नसलेल्या गोष्टींची यादी रकमेच्या लगेच खाली, ठळक द्यावी आणि मालकाला सांगावे की हीच यादी दुसऱ्यालाही विचारा. सेप्टिक टँक, शेड, टँकर आणि ब्रेकर वगळून स्वस्त झालेली रक्कम मग फार काळ स्वस्त दिसत नाही. बाबवार दर पळवले जाण्याची भीती असेल तर आधी कामाची व्याप्ती, वगळलेल्या बाबी आणि एकूण रक्कम द्यावी. प्रत्येक बाबीचा दर टोकन घेतल्यावर द्यावा. मोठ्या कामात जागेची पाहणी आणि मोजणी यांचे शुल्क घ्यावे आणि काम मिळाल्यास ते पहिल्या बिलात वजा करावे. यानंतरही केवळ आकडा पाहून जाणारा मालक जाईलच. तो शेवटच्या बिलालाही केवळ आकडाच पाहील, हे ध्यानात घेतले तर ते काम हातचे गेल्याचे दुःख कमी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत माणुसकीचा आहे: मिस्त्रीपासून कॉन्ट्रॅक्टर झालेल्या माणसाला इतके लिहिता येत नाही, दिवसभर साइटवर राबल्यावर वेळही नसतो. त्यासाठीच ही पुस्तिका आहे. पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्पष्ट लिहिणे म्हणजे वकिली भाषा लिहिणे नव्हे. साइटवर बोलतो त्याच मराठीत, त्याच शब्दांत लिहिले तर ते मालकाला कळते, गवंड्याला वाचून दाखवता येते आणि गरज पडली तर न्यायालयालाही कळते. व्हॉट्सॲपवरच्या संदेशालाही आता कमी लेखू नये; १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष अधिनियम इलेक्ट्रॉनिक नोंद ठरलेल्या प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून स्वीकारतो. मालकाने साइटवर येऊन ‘इथे एक खिडकी वाढवा’ म्हटले, तर त्याच संध्याकाळी ‘आज सांगितल्याप्रमाणे उत्तरेची खिडकी वाढवत आहोत, एक्स्ट्रा रक्कम इतकी, होकार कळवा’ हा संदेश टाकायला अर्धे मिनिट लागते. होकार आल्याशिवाय वीट फोडू नये, एवढी शिस्त पाळली तर एक्स्ट्रा कामाची बहुतेक भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

शेवटचा आक्षेप तात्त्विक आहे: सगळे आधी कळत नाही, मग सगळे लिहिणार कसे? खरे आहे. जमिनीखाली काय आहे, पाऊस कधी उघडेल, लोखंडाचा भाव कुठे जाईल, कोणीच सांगू शकत नाही. पण माहीत नाही असे लिहिणे हेही लिहिणेच आहे, आणि अनुभवी कॉन्ट्रॅक्टरला आपल्याला काय माहीत नाही हे नेमके माहीत असते. त्या गोष्टींची नावे घेऊन प्रत्येकीपुढे तीन उत्तरे लिहावीत: घडले तर खर्च कोणाचा, मोजायचा कसा, कळवायचे कधी. मालकाला याने भीती वाटेल असे काहींना वाटते. मला उलट वाटते. ज्याने खडकाचा धोका आधी सांगितला त्याच्याकडून खडकाचे बिल मालक निमूट देतो. ज्याने सांगितला नाही त्याच्या खऱ्या बिलावरही तो संशय घेतो.

पुढच्या प्रकरणांत हे सारे कामाच्या क्रमाने येते: जागेची पाहणी, कामाची व्याप्ती, मोजमापाचे नियम, मालाचे वर्णन, वगळलेल्या बाबी, एक्स्ट्रा काम, पैशांचे टप्पे, मुदत आणि पहिल्या पावसाळ्यानंतरची जबाबदारी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जशीच्या तशी उतरवून घेता येतील अशा ओळी आहेत. मालकांनीही पुस्तिका वाचावी, कारण चांगले कोटेशन मागता येणे हीसुद्धा एक जबाबदारी आहे. फक्त फुटाचा दर विचारणाऱ्याला फक्त फुटाचा दरच मिळतो. सगळी पुस्तिका एकदम अमलात आणता आली नाही तरी चालेल. पुढचे कोटेशन देण्याआधी एक कोरा कागद घ्या, वर ‘या दरात समाविष्ट नाही’ असे लिहा, गेल्या पाच कामांत ज्या ज्या गोष्टींवरून बोलाचाली झाली त्यांची नावे खाली उतरवा आणि तो कागद रकमेच्या पानाला जोडून मालकाची सही घ्या. त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे कधीतरी बुडालेले पैसे आहेत, आणि ते पुन्हा बुडू नयेत याची सुरुवात त्या सहीपासून होते.